डोक्यावर 78 टक्के नायट्रोजन, मग मृदा पत्रिकेत 'नत्र : कमी' कसं?

कोरडवाहू_वाशीम

नमस्कार मंडळी. वाशीम जिल्ह्यातला सोयाबीनवाला आहे. जमीन भारी काळी, खालचा एक तुकडा नाल्याला लागून आणि तो दर पावसाळ्यात चिबडतो. सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतात, ओल राहिली तर रब्बीला हरभरा.

मृदा आरोग्य पत्रिका आली. पालाश (पोटॅश) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) मध्यम, सामू (pH) 8.1, आणि नत्र, म्हणजे नायट्रोजनच, कमी. ती घेऊन खताच्या दुकानात रांगेत उभा राहिलो. युरियाच्या गोणीवर छापील किंमत 266 रुपये 50 पैसे, पण सोबत एक बाटली घ्यायचीच असा दुकानदाराचा हट्ट. (नाव लिहीत नाही, सगळीकडे तेच चाललंय.) रांगेत वेळ भरपूर होता, तेव्हा डोक्यात आलं की शाळेत तर शिकलो होतो हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. माझ्या शेतावर हवा काही कमी नाही. मग पीक ते का घेत नाही आणि मी इथे कशाला उभा आहे?

त्याच ओघात बाकीच्या शंका पण विचारून घेतो. बाबा म्हणतात, विजा कडाडून पाऊस पडला की युरियाची एक गोणी वाचली. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरचं गवतसुद्धा कसं काळंभोर होतं ते मीही पाहिलंय. कालव्याच्या पाण्यानं तसा रंग येत नाही. यात खरं किती?

दुसरं, सोयाबीन जमिनीत नत्र ठेवून जातं असं जो तो सांगतो. मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्याकडे सोयाबीनच आहे. एवढी वर्षं ते ठेवून गेलं तर गेलं कुठं?

तिसरं, नाल्याकडचा तुकडा श्रावणात हमखास पिवळा पडतो. युरिया फेकून पाहिला, फार फरक नाही.


शेतीमित्र_२४

हवेतला नायट्रोजन निष्क्रिय असतो, पिकाला घेता येत नाही. विजेचं वगैरे जुन्या लोकांच्या समजुती आहेत. सोयाबीन पिवळं पडलं तर 19:19:19 (नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) फवारा.


मातीवाले_काका (अकोला)

राजेहो, उत्तर लांबणार आहे. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. चंचुपात्रं सुटली, पण कुणी 'नत्र कमी' लिहिलं की अजून हात शिवशिवतात.

आधी तुमच्या शेतावर नेमकं किती आहे ते मोजू. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवेचं वजन असतं. वाशीम साडेपाचशे मीटर उंचावर, म्हणून थोडं कमी धरू : एका चौरस मीटरवर साडेनऊ टनांहून थोडी जास्त हवा. तुमचा 78 चा आकडा आकारमानाचा आहे, वजनानं नायट्रोजन 75 टक्के भरतो. एकराचे चौरस मीटर 4047. गुणाकार केला की एका एकरावर 30 हजार टनांच्या आसपास नायट्रोजन येतो. 45 किलोच्या गोणीत नत्र असतं 20.7 किलो. म्हणजे तुमच्या प्रत्येक एकरावर साडेचौदा लाख गोण्या उभ्या आहेत, आणि तुम्ही एका गोणीसाठी रांगेत.

अडचण अशी की हवेतला नायट्रोजन जोडीनं फिरतो. दोन अणूंमध्ये तिहेरी बंध आहे, आणि निसर्गात जे घट्ट बंध आहेत त्यांच्यात त्याचा नंबर फार वरचा. पिकाला नत्र लागतं ते अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात, पाण्यात विरघळलेलं, मुळांवाटे. पानाच्या छिद्रांतून नायट्रोजन आत जातो तसाच बाहेर येतो. त्याच छिद्रांतून कर्बवायूही (कार्बन डायऑक्साइड) जातो. तो हवेत जेमतेम 0.04 टक्के, पण पानं त्याला धरून ठेवतात आणि पिकाच्या कोरड्या वजनातला चाळीस-पंचेचाळीस टक्के कार्बन त्यातूनच येतो. इतकी वर्षं या विषयात घालवली तरी याचं मला नवल वाटतं. जे मुबलक आहे त्याला पीक हात लावू शकत नाही, आणि चिमूटभर आहे त्यावर अख्खं रान उभं राहतं.

हा बंध तोडणारे तिघं : वीज, कारखाना आणि जिवाणू.

विजेला वरच्या भाऊंनी एका ओळीत निकालात काढलं. तसं नाही. विजेच्या वाटेतली हवा तीस हजार अंशांच्या आसपास तापते. एवढ्या उष्णतेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, पुढे त्याचं नायट्रिक आम्ल होतं आणि पावसाच्या थेंबातून नायट्रेट म्हणून खाली येतं. ही समजूत नाही, रसायनशास्त्र आहे. पण बाबांच्या गोणीचा हिशेब मात्र बसत नाही. जगभरातल्या विजा मिळून वर्षाला साधारण 50 लाख टन नत्र बांधतात. ऐकायला मोठं वाटतं. पृथ्वीच्या पाठीवर सारखं पसरलं तर हेक्टरी 100 ग्रॅम. आपल्याकडे विजा जास्त म्हणून पाचपट धरा, तरी अर्धा किलो. पावसातून दुसरंही नत्र येतं, धुरातलं आणि शेणामुतातून उडालेल्या अमोनियाचं, ते धरून हेक्टरी काही किलो होईल. पण तेही वर्षभराच्या पावसाचं, एका गडगडाटाचं नव्हे.

मग गवत काळंभोर का होतं? बाबांनी पाहिलेलं खरंच आहे, कारण ढगात नसून पायाखाली आहे. मार्च ते मे आपली जमीन भाजून निघते. त्यात असंख्य सूक्ष्मजीव मरतात, उरलेले निपचित पडतात. मृगाचं पहिलं पाणी मुरलं की उरलेले उठतात आणि मेलेल्यांवर आणि उन्हानं मोकळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थांवर ताव मारतात. त्या धांदलीत चार-आठ दिवसांत जमिनीत एकदम नायट्रेट सुटतं. पूर्व आफ्रिकेत एच. एफ. बर्च नावाच्या संशोधकानं 1958 मध्ये हे नीट मांडलं, आजही ते त्याच्याच नावानं ओळखलं जातं. कालव्याचं पाणी तुम्ही देता रब्बीत, तेव्हा जमीन तशी भाजलेली नसते. बाबांना सांगा, रंग खरा, श्रेय तेवढं वळतं करा. आणि पेरणी लांबली, त्यात मोठा पाऊस झाला, तर हेच फुकटचं नत्र निचऱ्यावाटे निघून जातं. वेळेवर पेरणाऱ्याचं पीक सुरुवातीला तरतरीत दिसतं त्यामागे हेही एक कारण आहे.

आता सोयाबीन. मुळाच्या गाठीतले जिवाणू तो तिहेरी बंध तोडतात, तेही जमिनीच्या साध्या तापमानाला. डाळवर्गीय पिकं हवेतून नत्र घेतात हे जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघांनी 1880 च्या दशकात दाखवलं, आणि 1888 मध्ये बायेरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा करून दाखवला. त्याआधी शेतकऱ्यांना बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा फायदा, माहीत होता, कारण माहीत नव्हतं.

जिवाणूंचं हे काम ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) चालतं त्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं, आणि ऑक्सिजन लागला की ते विकर बिघडतं. पण जिवाणूला श्वासाला तर ऑक्सिजन हवाच. यावर झाडानं काढलेला तोडगा तुम्ही ब्लेडनं पाहू शकता. पेरणीनंतर 35-40 दिवसांनी एक झाड ओल असताना हलक्या हातानं खणून काढा (उपटू नका, गाठी मातीत राहतात). गाठ चिरा. आत गुलाबी-लाल दिसेल. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा आहे. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला मोजून-मापून पुरवतं. गाठ आतून गुलाबी म्हणजे काम चालू. पांढरी किंवा हिरवट म्हणजे गाठ आहे, काम नाही. शेतात शंभर रुपयांचं यंत्र नको की प्रयोगशाळा नको.

झाड हे फुकट करून घेत नाही. एक ग्रॅम नत्रामागे साधारण सहा ग्रॅम कार्बन साखरेच्या रूपात गाठीला द्यावा लागतो. म्हणून जमिनीत आयतं नायट्रेट मिळालं की झाड गाठींचा खर्च बंद करतं. सोयाबीनला हेक्टरी 30 किलोच नत्र आणि तेही पेरणीबरोबर, ही शिफारस याचसाठी. एकरी 12 किलो, म्हणजे युरिया धरला तर 26 किलोच्या आसपास. मिश्रखतातून नत्र जात असेल तर तेही त्यातच धरा. नंतर वरून गोणी फेकली की सोयाबीन माजतं, शेंगा कमी धरतं आणि गाठी आळशी होतात.

'ठेवून जातं' याचा हिशेब आता. एकरी 10 क्विंटल पिकलं समजा. (नाही पिकत दरवर्षी, मला ठाऊक आहे. हिशेबाला सोपं म्हणून.) एवढं दाणं भरायला झाड मिळून साधारण 80 किलो नत्र उचलतं. त्यातलं निम्मं किंवा थोडं जास्त हवेतून, धरा 45 किलो. उरलेलं 35 जमिनीतून. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे नत्र सहा-सव्वासहा टक्के. 10 क्विंटलची रास बाजार समितीत गेली की तिच्यासोबत 60-62 किलो नत्र गेलं. हवेतून आणलं 45, गाडीत घालून पाठवलं 60. कुटार (मळणीनंतरचा भुसा) विकलं तर आणखी. वरून दिलेलं 12 मिळवलं तरी मेळ बसत नाही. तुमची पत्रिका खोटं बोलत नाहीये.

मग सोयाबीननंतरचा गहू ज्वारीनंतरच्या गव्हापेक्षा बरा का येतो? सोयाबीन ठेवून गेलं म्हणून नव्हे, ज्वारीइतकं ओरबाडलं नाही म्हणून. शिवाय सोयाबीनचा पाला लवकर कुजून नत्र सोडतो. ज्वारीची धसकटं कुजताना जिवाणू उलट जमिनीतलं नत्रच काही काळ अडकवून ठेवतात. तुरीचा बेवड खरा. ती सहा-सात महिने पानं गाळते, मुळं खोल जातात, आणि बहुतेक पाला शेतातच राहतो. तुमचे तुरीचे तास सोडू नका.

जिवाणू खताबद्दल एवढंच : सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. दोघांचे जिवाणू वेगळे. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. दुकानात पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका, त्यात फक्त भुकटी उरते.

नाल्याकडच्या तुकड्याकडे येतो. तिथं मुळांना नत्र कमी पडण्याआधी ऑक्सिजन कमी पडतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की गाठींचा श्वास कोंडतो. तिकडे जमिनीत असलेलं नायट्रेटही टिकत नाही. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या एका जातीचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन श्वासाला वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत सोडून देतात. तुम्ही फेकलेल्या युरियाचा एक भाग असा आला तिकडे परत गेला. म्हणून फरक दिसला नाही.

एक ओळखून घ्या. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. 8.1 सामूच्या चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की लोह मिळेनासं होतं. तेव्हा युरिया काय आणि 19:19:19 काय, पाण्यात गेलं. दोन्हींवर पहिला उपाय चर काढून वाफसा आणणं, म्हणजे साचलेलं पाणी काढून जमिनीत हवा खेळती करणं.

आणि दुसरी गळती वरच्या रानाला. सामू आठच्या वर असलेल्या जमिनीत युरिया वर फेकून ठेवला की त्याचा अमोनिया होऊन उडतो. ऊन पडल्यावर नाकाला झोंबतं ते तुमचंच 266 रुपयांतलं असतं. ज्वारी-गव्हाला वरखत द्याल तेव्हा पेरून द्या, नाहीतर फेकल्याबरोबर डवरा (कोळपं) फिरवा किंवा पाणी द्या.

वायू परत जातो म्हणून चिडू नका. हे परत जाणं थांबलं असतं तर कोट्यवधी वर्षांत हवेतला नायट्रोजन नायट्रेट होऊन समुद्रात जमा झाला असता. हवेतल्या बहुतेक वायूंना आपली-आपली फेरी आहे, आणि वेग अगदी वेगळा. वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवस टिकते. कर्बवायूचा एखादा कण काही वर्षांत पानात किंवा समुद्रात जातो. ऑक्सिजनची फेरी काही हजार वर्षांची, नायट्रोजनची कोटीच्या हिशेबात. म्हणून एका मोसमात झाडं हिरवी झाली-वाळली की कर्बवायूचा आकडा हलतो. हवाई बेटावर मौना लोआला 1958 पासून मोजतात, तिथं हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे किती भाग या हिशेबात दरवर्षी सहा-सात अंकांची चढ-उताराची करवत दिसते, आणि ती करवत 315 वरून आता 420 च्या पुढं चढलीय. नायट्रोजनचा आकडा असा हलत नाही, एवढा मोठा साठा आहे.

जाता जाता : नायट्रोजन-ऑक्सिजननंतर कोरड्या हवेत तिसरा नंबर कर्बवायूचा नाही. आर्गॉनचा, 0.93 टक्के. तो कशातच भाग घेत नाही. आणि जवळजवळ सगळा आला कुठून, तर खडकांतल्या पोटॅशियमच्या एका किरणोत्सारी प्रकारातून, म्हणजे तुमच्या पत्रिकेत 'भरपूर' लिहिलेल्या पालाशाच्या घरातून. आपल्या काळ्या दगडाचं वय 6.6 कोटी वर्षांच्या आसपास आहे हे भूगर्भवाल्यांनी ठरवलं ते त्याच्यात कोंडलेला आर्गॉन मोजून. पिकाला उपयोग शून्य. मला आवडतं म्हणून सांगितलं.


थळकर

काकांनी तिघांतल्या कारखान्याला सोडून दिलं, म्हणून मी. अलिबागजवळ थळला खत कारखान्यात शिफ्टमध्ये होतो.

युरियाला नायट्रोजन खाणीतून येत नाही. तो हवेतूनच ओढतात. तुम्ही विकत घेता ती हवाच आहे. हायड्रोजन येतो नैसर्गिक वायूपासून. दोन्ही मिळून लोखंडाच्या उत्प्रेरकावर, साडेचारशे अंशांच्या आसपास तापमान आणि दीडशे-दोनशे वातावरणांचा दाब. त्यातही एका फेरीत थोडाच अमोनिया होतो, उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. फ्रिट्झ हाबरनं 1909 ला जर्मनीत प्रयोगशाळेत हे जमवलं, कार्ल बॉशनं 1913 ला ओपाऊ इथं कारखाना चालू केला. आज जग वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त नत्र असं बांधतं. काकांचा विजेचा आकडा 50 लाख होता, ते शेजारी ठेवून बघा.

आणखी एक जे बहुतेकांना माहीत नसतं. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढताना कर्बवायू निघतो. तो अमोनियाला जोडून युरिया बनतो. शेतात ओल लागली की युरियाचा अमोनिया सुटतो आणि तो कर्बवायू परत हवेत. म्हणजे गोणीत दोन वायू कोंडून दिलेले असतात, एक पिकासाठी आणि एक नुसता प्रवासाला.

गाठीतला जिवाणू हेच काम दाबाशिवाय, आवाजाशिवाय करतो हे वाचलं की आमच्या कॉम्प्रेसर हाऊसची आठवण येते. कानात बोळे घालूनसुद्धा घरी गेल्यावर बायकोला ओरडून बोलायचो.


भातखाचर_माणगाव

काका, तुमचं चिबड आमच्याकडे शेतीच आहे! रायगडात आम्ही चार महिने मुद्दाम पाणी बांधून ठेवतो. मग आमचं सगळंच नत्र उडतं का?

आमच्याकडे चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा पाला टाकतात, आणि लावणीच्या दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी खोल खुपसतात. भातलागवडीची चारसूत्री पद्धत म्हणतात त्यातलं. सासूबाईंना आधी पटत नव्हतं, एवढ्याशा गोळीनं काय होणार म्हणून. फेकीचा युरिया टाकला की पाणी दुसऱ्या खाचरात जातं आणि शेजाऱ्याचा भात हिरवा होतो, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं होतं. गोळीचं कारण काय ते नीट सांगाल?


मातीवाले_काका (अकोला)

ताई, सगळं उडत नाही. पण वाट तीच. पाण्याखालच्या चिखलात वरचा पातळ, काही मिलिमीटरांचा थर असतो, तिथं ऑक्सिजन पोचतो. त्या थरात युरिया पडला तर अमोनियमचं नायट्रेट होतं. ते नायट्रेट खाली झिरपलं की खालच्या बिनहवेच्या थरात त्याचा वायू होऊन बुडबुडे. गोळी आठ-दहा सेंटिमीटर खोल गेली की ती थेट बिनहवेच्या थरात बसते. तिथं अमोनियमचं नायट्रेट होतच नाही, मातीच्या कणांना धरून राहतं, आणि भाताला अमोनियम चालतं. सासूबाईंच्या शेजाऱ्याला मात्र नुकसान.

शिवाय तुमच्या खाचराच्या पाण्यावर जे निळं-हिरवं शेवाळ येतं, त्यातलं काही स्वतः हवेतून नत्र बांधतं. पी. के. डे यांनी 1939 मध्ये भातखाचरांतल्या या शेवाळांवरच काम केलं होतं. खत न घालताही पूर्वी खाचरं वर्षानुवर्षं थोडाबहुत भात देत राहिली त्यात याचा वाटा आहे. विदर्भातल्या कोरडवाहू रानाला ही चैन नाही.

कोंडलेल्या जमिनीतून एक वायू असाही निघतो ज्याची आता जगाला काळजी आहे. नायट्रेटचा नायट्रोजन होता होता मध्येच काही भाग नायट्रस ऑक्साईड म्हणून सुटतो. हवेत तो फार थोडा, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे 273 पट उष्णता धरतो आणि शतकभर टिकतो. सगळ्यात जास्त सुटतो कुठं, तर जमीन ओली-कोरडी, ओली-कोरडी होत राहते तिथं. म्हणजे ताई, तुमच्या कायम भरलेल्या खाचरापेक्षा वाशीमच्या त्या नाल्याकडच्या तुकड्यावर जास्त लक्ष ठेवावं लागेल. भातखाचराचं दुखणं मिथेन, तो वेगळा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढा.


शेतीमित्र_२४

काका, विजेचं मान्य. पण नत्र 'कमी' म्हणजे किती कमी हे पत्रिकेत कुठं असतं?


मातीवाले_काका (अकोला)

उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या खाली गेलं की 'कमी'. आणि हा आकडा बऱ्याच ठिकाणी सेंद्रिय कर्बावरून काढतात, कारण जमिनीतलं जवळजवळ सगळं नत्र ह्यूमसमध्ये कार्बनला धरून असतं. कर्ब 0.4 टक्के असेल तर नत्र कमीच येणार. आपल्याकडच्या तापलेल्या उघड्या जमिनीत कर्ब जळतो, म्हणजे खरं तर जिवाणू तो खाऊन कर्बवायू म्हणून श्वासातून सोडतात. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कर्बवायू बाहेरच्या हवेपेक्षा दहापट सहज असतो, तो हाच. नत्र वाढवायचं म्हणजे आधी हा कर्ब टिकवायचा. नुसत्या गोणीनं पीक येतं, पत्रिका बदलत नाही.


कोरडवाहू_वाशीम

काका, सगळ्यांचे आभार. काल झिमझिम थांबल्यावर दोन्हीकडची झाडं खणली. तुरीच्या तासाजवळच्या झाडाच्या गाठी आतून लालबुंद, ब्लेडला रंग लागला. नाल्याकडच्या मोजक्याच, बारीक आणि चिरल्यावर पांढऱ्या. पिवळेपणा मात्र वरच्या पानांत आहे, शिरा हिरव्या. फोटो टाकलेत.

बाबांना विजेचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "शंभर ग्रॅम तर शंभर ग्रॅम, फुकट आहे ना." पुढे काही बोलता आलं नाही.

आता अडचण कुटाराची. मळणीयंत्रातून निघालं की गावातले गोपालक लगेच नेतात, आणि पैसे हातात येतात. पसरवून टाकलं तर हरभऱ्याच्या पेरणीला सरत्यात (पेरणीच्या नळीत) अडकतं. काय करू?


मातीवाले_काका (अकोला)

वरची पानं, हिरव्या शिरा म्हणजे लोह. चर काढा, आणि फेरस सल्फेट अर्धा टक्का, त्यात निम्मा चुना मिसळून, संध्याकाळच्या सुमारास फवारा. पांढऱ्या गाठी या मोसमात सुधारतील असं समजू नका. पाणी हटलं तर मुळांवर वर नवीन येतील, त्या चिरून बघा.

कुटारात नत्र टक्क्याच्या आतच असतं, एकरी 10 क्विंटल निघालं तर आठ-दहा किलो. युरियाच्या भावानं पाहिलं तर शंभर-सव्वाशे रुपये. गोपालक त्याहून जास्त देत असेल तर व्यवहार म्हणून देऊन टाका, पण बदल्यात पैशाऐवजी शेणखत मागून पाहा. एक ट्रॉली जरी आली तरी कर्बही परत येतो, जो युरियात मिळत नाही. स्वतःचं जनावर असेल तर प्रश्नच मिटला. हरभऱ्याला अडकतं म्हणून कुटार पेटवू मात्र नका. राखेत पालाश उरतं, ते तुमच्याकडे आधीच भरपूर आहे, आणि नत्र सगळं धुरासोबत जातं.

नाल्याकडच्या झाडाचा फोटो अंधारात काढलाय, गाठ आणि ढेकूळ सारखंच दिसतंय. मूळ धुऊन, पांढऱ्या कागदावर ठेवून पुन्हा टाका.